लोकाधीन अनुदान आणि आरोग्यातील विषमता

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या देशांत औषधांची टंचाई नाही, वैद्यांची वाण नाही आणि राजकोशात द्रव्याची ददात नाही, अशा देशांतही एकाच शहराच्या दोन वस्त्यांत जन्मलेल्या दोन बालकांच्या आयुर्मानात कैक वर्षांचे अंतर पडते, आणि ते अंतर आईबापांचा वंश व वर्ण पाहून बव्हंशी आधीच सांगता येते, ही वस्तुस्थिती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आकड्यांचे रूप घेऊन पाश्चात्त्य राज्यकर्त्यांपुढे उभी राहिली, तेव्हा ती नाकारण्याची सोय उरली नाही. १९८५ साली अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद झाले की, त्या देशातील कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य समाजांत दरवर्षी सुमारे ६०,००० मृत्यू असे होतात की, गोऱ्या लोकांचे मृत्युमान या समाजांच्या वाट्याला आले असते तर ते झालेच नसते. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सर्वांना विनामूल्य आहे. तरीही कृष्णवर्णीय स्त्री गर्भारपणात किंवा बाळंतपणात दगावण्याचा संभव गोऱ्या स्त्रीच्या दुपटीहून अधिक आहे, आणि आपल्याकडून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या आशियाई स्त्रियांचाही तो गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिकच भरतो. दवाखान्याचे दार सर्वांना सारखेच उघडे असले तरी त्या दारापर्यंत येण्याचे सामर्थ्य सर्वांना सारखे नसते, हे यावरून उघड आहे. वेल्समधील खाणकामगारांच्या एका खेड्यात अनेक वर्षे वैद्यकी केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ साली हेच सूत्ररूपाने मांडले होते: जिथे वैद्यकीय सेवेची निकड सर्वांत अधिक, तिथेच ती सर्वांत कमी पोहोचते, आणि सेवा बाजाराच्या हवाली जितकी होईल तितका हा व्यस्त न्याय अधिक कठोर होत जातो.

या विषमतेवर सरकारे जे उपाय योजतात, त्यांत समाजानुदान हा एक प्रमुख उपाय होय. खजिन्यातून काही रक्कम बाजूला काढावयाची, वंचित समाजातील संस्थांकडून अर्ज मागवावयाचे, छाननी करून मंजुरी द्यावयाची, आणि त्या संस्थांनी आपल्या लोकांत आरोग्याचे काम करावयाचे, असा हा सर्वसाधारण रिवाज आहे. वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. परंतु अशा अनुदानांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास वाचू लागलो म्हणजे एक प्रश्न पानोपानी पुढे येतो, आणि आजच्या माझ्या सर्व विवेचनाचा रोख त्याच प्रश्नाकडे आहे: पैसा कोणत्या गोष्टीवर खर्च व्हावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहिला? रक्कम किती मोठी होती, यापेक्षा या एका गोष्टीवर अनुदानाचे यशापयश अधिक अवलंबून राहिले, असे माझे मत आहे. त्याच्या समर्थनार्थ अमेरिकेच्या दक्षिणेतील एका लहानशा गावाची हकीकत मी जरा विस्ताराने सांगणार आहे. श्रोत्यांनी ती धीराने ऐकावी अशी विनंती आहे.

मिसिसिपी राज्यात, मिसिसिपी नदीच्या गाळाने सुपीक झालेल्या कापसाच्या मुलखात, बॉलिव्हर नावाचा एक परगणा आहे आणि त्यात माउंड बायू हे गाव आहे. १८८७ साली दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी रान तोडून ते वसविले. गावचा कारभार त्यांचा, दुकाने त्यांची, आणि १९४२ साली ‘टेबोरियन’ या त्यांच्या परस्परसाहाय्यक मंडळाने सभासदांच्या वर्गणीतून बांधलेले इस्पितळही त्यांचेच. पण गावाबाहेर पाऊल टाकले की मळेवाल्यांचे राज्य सुरू होई. पिढ्यान्‌पिढ्या अर्धेलीने कापूस पिकवून देणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या हातचे काम कापूस वेचण्याच्या यंत्रांनी आणि तण मारणाऱ्या औषधांनी काही वर्षांतच हिरावून घेतले, आणि १९६० नंतरच्या दशकात जगातील सर्वांत संपन्न राष्ट्राच्या सर्वांत कसदार जमिनीवर हजारो कुटुंबे उपाशी राहू लागली. १९६७ च्या एप्रिलात सिनेटर रॉबर्ट केनेडी याच परगण्यातील झोपड्यांत शिरले, तेव्हा पोटे फुगलेली आणि अंगावर चट्टे उठलेली मुले पाहून ते सुन्न झाले. घरे फळकुटांची, पिण्याचे पाणी पुष्कळ ठिकाणी उघड्या चरातले, शौचकूप मोडके किंवा मुळीच नाहीत, अशा स्थितीत अर्भके अतिसाराने जात आणि त्यांच्या मृत्यूची पुरती नोंदही होत नसे.

जॅक गायगर हे त्या वेळी बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात वैद्यकाचे अध्यापक होते. विद्यार्थिदशेत, १९५७ साली, ते दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात फोलेला येथे काही महिने राहून आले होते. तेथे सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० पासून झुलू लोकांत एक आरोग्यकेंद्र चालविले होते. रोगी दाराशी येईल तेव्हा औषध द्यावयाचे एवढ्यावर न थांबता, कोणत्या घरात कोण काय खातो, पाणी कोठून आणतो, मूल कशाने खंगते, याची घरोघर नोंद करावयाची आणि त्या नोंदींवरून भाजीपाल्याचे वाफे, झरे, शौचकूप यांपासून उपचारास आरंभ करावयाचा, ही त्या केंद्राची रीत होती. १९४८ नंतर वर्णद्वेषी राजवटीने असल्या प्रयोगांचा कोंडमारा केला. पण फोलेल्यात जे पाहिले ते गायगर विसरले नाहीत. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध मोहीम जाहीर केली, तेव्हा गायगर आणि त्यांचे सहकारी काउंट गिब्सन यांनी सरकारकडे दोन आरोग्यकेंद्रांसाठी अनुदान मागितले, आणि १९६५ साली ते मंजूर झाले. एक केंद्र बॉस्टनमधील कोलंबिया पॉइंट येथे निघाले, दुसरे माउंड बायूत.

या मंजुरीतील एक कायदेशीर बारकावा सांगण्यासारखा आहे. दारिद्र्यनिवारणाच्या त्या कायद्यान्वये कोणत्याही राज्याचा गव्हर्नर आपल्या हद्दीत येणारे संघ सरकारचे अनुदान नाकारू शकत असे, आणि मिसिसिपीच्या गव्हर्नरने कृष्णवर्णीयांच्या हाती जाणारा पैसा नाकारला असता यात शंकेला जागा नव्हती. मात्र त्याच कायद्यात असे एक कलम होते की, अनुदान उच्च शिक्षणसंस्थेच्या नावे असेल तर गव्हर्नरचा हा अधिकार चालत नाही. म्हणून पैसा बॉस्टनच्या विद्यापीठाच्या नावे निघाला आणि हजारांहून अधिक मैल दूर असलेल्या मिसिसिपीत खर्च झाला. ज्या समाजासाठी अनुदान आहे त्या समाजाच्या नावे ते येऊच शकत नाही आणि ते सुरक्षित राहावे म्हणून बाहेरच्या प्रतिष्ठित संस्थेची छाया घ्यावी लागते, ही अडचण तेव्हापासून आजपर्यंत अनेक देशांत कायम आहे. आणि छाया देणारी संस्था कालांतराने मालक होऊन बसते, ही त्याच अडचणीची दुसरी बाजू.

माउंड बायूत तसे झाले नाही. ते श्रेय बव्हंशी जॉन हॅच या कृष्णवर्णीय संघटकाकडे जाते. डॉक्टर येण्यापूर्वी कित्येक महिने हॅच त्या परगण्यात हिंडत होते. घरांच्या ओसरीवर, चर्चमध्ये, जिथे चार माणसे जमतील तिथे बसून ते विचारीत की, तुम्हांला काय हवे? उत्तरे आली ती अन्न, काम, धड घर, स्वच्छ पाणी आणि घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी अशी. वैद्यकीय सेवेचा क्रमांक पुष्कळ खाली होता. आरोग्याचे अनुदान घेऊन आलेल्या मनुष्याने असे उत्तर ऐकले म्हणजे त्याची खरी परीक्षा असते. ‘यांना आरोग्याचे महत्त्व कळत नाही, आधी यांचे प्रबोधन केले पाहिजे’ असा शेरा मारून तो आपल्या मूळ आराखड्याकडे वळू शकतो. हॅच आणि गायगर यांनी मूळ आराखडाच बदलला. निरनिराळ्या वस्त्यांत लोकांनी निवडलेली आरोग्यमंडळे स्थापन झाली, त्यांच्या प्रतिनिधींचे मिळून एक परगणामंडळ झाले, आणि केंद्राने विहिरी खणण्यास, शौचकूप बांधण्यास व घरांची डागडुजी करण्यास हात घातला.

१९६७ साली केंद्रात रोगी येऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी पाहिले की मुलांच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ उपासमारीत आहे. म्हणून त्यांनी औषधाच्या चिठ्ठ्यांवर अन्न लिहून देण्यास सुरुवात केली. अमुक इतके दूध, अमुक इतके मांस, भाजीपाला, अंडी असा तपशील चिठ्ठीवर लिहिलेला असे. ती चिठ्ठी घेऊन आई गावातील कृष्णवर्णीय वाण्याच्या दुकानी जाई, जिन्नस घेऊन येई, आणि वाणी आपले बिल केंद्राच्या औषधपेढीकडे पाठवी. औषधांसाठी असलेल्या तरतुदीतून ते चुकते होई. ही बातमी गव्हर्नरपर्यंत गेली, तेथून तक्रार वॉशिंग्टनला पोहोचली, आणि तपासणीस एक अधिकारी येऊन धडकला. औषधपेढीचा पैसा रोगावरील औषधांसाठी आहे, किराण्यासाठी नव्हे, असे त्याने बजावले. गायगर यांनी त्याला शांतपणे सांगितले की, वैद्यकाच्या ग्रंथांत आपण शेवटचे पाहिले तेव्हा कुपोषणावर जो विशिष्ट उपचार दिलेला होता तो अन्न हाच होता. अधिकारी परत गेला आणि चिठ्ठ्या चालू राहिल्या.

ही हकीकत वैद्यकीय वर्तुळांत पुष्कळदा सांगितली जाते. पण ती सांगणारे बहुधा तिथेच थांबतात आणि पुढचा भाग, जो माझ्या मते अधिक मोलाचा आहे, तो राहून जातो. चिठ्ठीवर मिळणारे अन्न किती दिवस पुरणार, हा प्रश्न वस्त्यांच्या मंडळांतच निघाला. ज्यांचा जन्म जमीन कसण्यात गेला त्यांना दुसऱ्याने दिलेली अंडी मोजून घेण्यात समाधान कसे वाटावे? तेव्हा १९६८ साली त्यांनी सहकारी शेती सुरू केली. कापूस सोडून वाटाणे, घेवडा, भेंडी, रताळी, पालेभाज्या लावल्या. काम करणाऱ्याला मजुरीबरोबर धान्यभाजीचा वाटा मिळू लागला, आणि शेकडो कुटुंबे त्यात सामील झाली. अर्धेकऱ्याच्या घरात जन्मलेली एल. सी. डॉर्सी ही तरुणी याच केंद्रात काम करता करता या शेतीची एक मुख्य संघटक झाली, पुढे शिकून समाजकार्यात तिने डॉक्टरेट मिळविली, आणि १९८८ साली त्याच आरोग्यकेंद्राची संचालक म्हणून ती परत आली. केंद्राने रात्रीच्या शाळा चालविल्या, कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्यांची तयारी करून घेतली, आणि त्या वर्गांतून कालांतराने डॉक्टर, परिचारिका व आरोग्य-निरीक्षक निघाले. या सर्वाचा उगम ‘आरोग्य’ या मथळ्याखालच्या अनुदानात होता. कारण आरोग्य म्हणजे काय, याची व्याख्या करण्याची मुभा त्या लोकांना मिळाली होती.

आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण देतो, आणि ते आपल्याच लोकांशी संबंधित आहे. १९६० नंतर भारत व पाकिस्तानातून ब्रिटनमध्ये गेलेल्या कुटुंबांच्या मुलांत मुडदूस मोठ्या प्रमाणावर आढळू लागला. ग्लासगोच्या डॉक्टरांनी त्याकडे प्रथम लक्ष वेधले. हा रोग एके काळी त्याच ग्लासगोच्या, त्याच लंडनच्या गोऱ्या मुलांत सर्रास होता. तो हटला तो गोऱ्या आयांना व्याख्याने देऊन नव्हे; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने मार्गारीनमध्ये ड जीवनसत्त्व मिसळणे सक्तीचे केले आणि मुलांना माशाच्या यकृताचे तेल पुरविले, याचा त्यात मोठा वाटा होता. मग आशियाई घरांत जे पीठ रोज मळले जाते, त्या चपातीच्या पिठात तेच जीवनसत्त्व मिसळावे, ही सूचना सहज सुचण्यासारखी होती आणि ती पुढे आलीही. पण १९८० च्या सुमारास सरकारी तज्ज्ञसमितीने ती मान्य केली नाही. त्याऐवजी १९८१ साली मुडदूस थांबविण्याची एक प्रचारमोहीम काढण्यात आली. त्या मोहिमेला सरकारचे द्रव्य मिळाले आणि तीत काम करणाऱ्यांच्या सद्‌हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु आशियाई लोकांचा आहार, त्यांच्या स्त्रियांचा पोशाख, घराबाहेर न पडण्याची त्यांची चाल, हीच रोगाची कारणे होत, असा तिचा सूर राहिला, आणि त्या समाजातील अनेकांनी तेव्हाच त्यावर तीव्र आक्षेप घेतले. गोऱ्यांचा आहार दुरुस्त करावयाचा तेव्हा कारखान्यात दुरुस्ती झाली आणि आशियाई लोकांचा प्रश्न आला तेव्हा त्यांची संस्कृतीच दुरुस्त करावयास घेतली, हा त्या आक्षेपांचा गाभा होता. ग्लासगोत मात्र आरोग्यमंडळाने ड जीवनसत्त्वाचे थेंब विनामूल्य वाटण्यास आरंभ केल्यावर रोगी झपाट्याने कमी झाले.

समाजानुदानातील सर्वांत मोठा धोका तो हाच. समाजाचे दुखणे समाजाच्या रूढींत शोधणे सोपे असते, स्वस्त असते, आणि त्यासाठी काढलेल्या भित्तिपत्रकांचा व मेळाव्यांचा हिशेबही चोख ठेवता येतो. घराची ओल, कारखान्यातील रात्रपाळी, दुभाष्याविना चाललेली तपासणी, दवाखान्याच्या खिडकीशी झालेला अपमान, या गोष्टींना हात घालावयाचा म्हणजे अनुदान देणाऱ्यालाच स्वतःच्या घरात डोकावावे लागते. आणि अपमानाची आठवण किती खोल असते हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगीची कहाणी वाचावी. तेथे १९३२ पासून १९७२ पर्यंत त्या देशाच्या सरकारी आरोग्यसेवेनेच उपदंशाने पछाडलेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर केवळ पाळत ठेवली; पेनिसिलीनसारखा रामबाण उपाय उपलब्ध झाल्यावरही, रोगाचा शेवट कसा होतो हे पाहण्यासाठी, तो त्यांना मिळू दिला नाही. ज्या समाजाने हे भोगले तो समाज पुढे सरकारी लस टोचून घेताना हात आखडता घेतो, याला अज्ञान म्हणणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय.

हेकलर-अहवालानंतर अमेरिकेत जी अनुदाने निघाली, त्यांत १९९९ साली रोगनियंत्रण केंद्राने सुरू केलेली, वांशिक विषमता घटविण्यासाठीच असलेली एक योजना मला विशेष विचारणीय वाटते, आणि ती तिच्या एका साध्या अटीमुळे. निवडलेल्या स्थानिक संघांना पहिले एक वर्ष कोणतेही काम ‘करून दाखवावयाचे’ नव्हते. ते वर्ष फक्त लोकांशी बोलून योजना ठरविण्यासाठी होते, आणि त्या वर्षाचा पैसा त्यांना मिळत होता. मग ज्या संघांच्या योजना पटल्या त्यांना पुढची चार वर्षे अनुदान मिळाले. ही एका वर्षाची उसंत म्हणजे सरकारी दप्तरात दुर्मिळ असलेली गोष्ट! ज्यांनी कधी अनुदानाचा अर्ज भरला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. आपल्याकडे अर्जाची मुदत तीन आठवडे. त्यात लोकांच्या गरजा, उद्दिष्टे, लाभार्थींची संख्या, महिनावार खर्च हे सर्व भरून द्यावयाचे. मंजुरी वर्ष अर्धे उलटल्यावर यावयाची. पहिला हप्ता हाती पडतो तोच उपयोगिता प्रमाणपत्राची विचारणा सुरू व्हावयाची. आणि मार्च संपला की योजनाही संपावयाची. मध्यंतरी ज्या तीन-चार मुलींना आरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केले, ज्यांच्यावर वस्तीचा विश्वास बसू लागला, त्या एप्रिलात पुन्हा दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करू लागतात. पुढच्या वर्षी नवी योजना, नवे नाव, नवे फलक. अशा अनुदानाने समाज आरोग्य शिकत नाही, तो अर्ज लिहिणे शिकतो. ज्यांच्यापाशी अर्ज लिहिणारा कारकून आहे अशाच संस्था दरवर्षी पुढे राहतात, आणि एकाच गल्लीतील दोन दरिद्री समाज एका रकमेसाठी परस्परांचे स्पर्धक होतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. समाज, समाज म्हणून आपण जे म्हणतो तो एकजिनसी असतो काय? निर्णय लोकांच्या हाती दिला म्हणजे तो गावातील वजनदार पाच-सात असामींच्या हाती जाणार नाही कशावरून? माउंड बायूतही सुस्थित कृष्णवर्णीयांचा एक वर्ग होता, त्यांचे जुने इस्पितळ होते, आणि मळ्यांवरून हुसकावलेल्या निर्धन लोकांच्या मंडळांशी त्यांचे नेहमी सख्य होते असे नाही. हा धोका खरा आहे, म्हणूनच तो नियमांनी बांधावा लागतो. अमेरिकेने तो कसा बांधला ते पाहण्यासारखे आहे. माउंड बायू आणि कोलंबिया पॉइंट यांच्यापासून निघालेल्या या परंपरेत आज त्या देशात सुमारे १,४०० आरोग्यकेंद्र-संस्था आहेत, तीन कोटींहून अधिक लोक त्यांची सेवा घेतात, आणि १९७५ पासून कायदा असा आहे की, संघ सरकारचे अनुदान घेणाऱ्या अशा प्रत्येक केंद्राच्या नियामक मंडळात निम्म्याहून अधिक सभासद त्या केंद्राचे रोगी असलेच पाहिजेत. सल्लागार म्हणून मागच्या बाकावर बसविलेले रोगी नव्हेत. संचालक नेमणारे, अंदाजपत्रक मंजूर करणारे, दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवावा की नाही हे ठरविणारे रोगी. मला वाटते, आरोग्यविषयक कायद्यांत याहून शहाणे कलम क्वचितच सापडेल.

आपल्याकडे हा विचार परका नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक आदिवासी आहेत, आणि आरोग्याच्या बाबतीत ते इतरांच्या मागे आहेत हे सांगण्यास मेळघाटाचे नुसते नाव घेतले तरी पुरे. १९८६ साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग गडचिरोलीत जाऊन राहिले, तेव्हा इस्पितळ कसे असावे हे त्यांनी तेथील गोंड-माडिया लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतीत आम्ही वाट चुकतो. डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्या कपड्यात प्रेत गुंडाळतो. रोग्याला आत नेऊन नातेवाइकांना बाहेर काढतात, मग रोगी कोणाच्या आधाराने बरा व्हावा? असे त्यांचे म्हणणे पडले. त्या म्हणण्याप्रमाणे झोपड्यांच्या घाटाचे, नातेवाइकांना सोबत राहता येईल असे इस्पितळ बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. तसेच २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून प्रत्येक गावाच्या आरोग्यसमितीला दरसाल दहा हजार रुपयांचा अबंधित निधी मिळू लागला, आणि २०१५ पासून आपल्या राज्यात आदिवासी उपयोजनेच्या रकमेपैकी पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याची तरतूद झाली. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या ‘पेसा’ कायद्याखालील ग्रामसभेने ठरवावे आणि त्याप्रमाणे तो पैसा खर्च व्हावा, असा त्या तरतुदीचा हेतू आहे. माउंड बायूला जे कलमांच्या फटीतून मिळवावे लागले, ते आपल्याकडे सरकारी निर्णयाने उघडपणे दिलेले आहे. कागदावर आपण पुष्कळ पुढे आहोत, हे अभिमानाने सांगावयास हरकत नाही.

पण कागद आणि पाडा यांच्यामध्ये काय घडते ते पालघरच्या डोंगराळ भागातील एका ग्रामसभेत मी पाहिले. शाळेच्या ओटीवर सभा भरली होती. कामांची यादी तालुक्याच्या ठिकाणी तयार होऊन आलेली होती: समाजमंदिराच्या अंगणात फरश्या, सौरदिवे, सिमेंटची बाके. ती वाचून दाखवीत असता दाराच्या चौकटीला टेकून बसलेल्या एका प्रौढ वारली बाईने विचारले की, आरोग्याचे पैसे आहेत म्हणता तर ओहोळावर साकव का घालीत नाही? पावसाळ्यात बाळंतीण अडली की झोळीत घालून ओहोळ ओलांडावा लागतो. पाणी चढलेले असले तर उतरेपर्यंत काठावर थांबावे लागते. सभेतल्या चार-सहा बायकांनी तिच्या म्हणण्याला दुजोरा दिला. तेव्हा उपस्थित कर्मचाऱ्याने, आणि तो मुळीच उद्धट नव्हता, त्यांना समजावून सांगितले की साकव हा बांधकामाचा विषय आहे, आरोग्याच्या शीर्षाखाली तो बसत नाही, त्यासाठी वेगळा प्रस्ताव करावा लागेल. यादी होती तशी संमत झाली. मी तेथे पाहुणा होतो, मला मत नव्हते. पण त्या बाईने केलेले निदान कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात उत्तम ठरले असते, याविषयी माझी खात्री आहे.

म्हणून अशा निधीविषयी माझ्या काही मागण्या आहेत आणि त्या स्वप्नाळू नाहीत. त्यांतील प्रत्येक गोष्ट कोठे ना कोठे अमलात आलेली आहे. अनुदानाची मुदत पाच वर्षांहून कमी नसावी आणि त्यातील पहिले वर्ष लोकांशी विचारविनिमय करण्यासाठीच राखलेले असावे. खर्च ठरविणाऱ्या समितीत निम्म्याहून अधिक सभासद ती सेवा घेणारे असावेत, आणि त्यांत बाळंतपणे केलेल्या व काढलेल्या स्त्रिया असाव्यात. जमाखर्च ग्रामसभेत वारलीत, गोंडीत, कोरकूत वाचून दाखवावा. तपासनिसाला पाठवावयाची प्रत ही त्यानंतरची. आणि हे सर्व करूनही सरकारने प्राथमिक आरोग्यकेंद्रातील डॉक्टरची रिकामी जागा भरण्याचे आपले कर्तव्य या निधीच्या आडून टाळू नये. गावाला दहा हजार रुपये दिले म्हणजे गावाचे आरोग्य गावाच्या गळ्यात घातले, असा अर्थ कोणत्याही हुद्द्यावरच्या मनुष्याने काढू नये. राहता राहिला तो शीर्षांचा प्रश्न. त्याला नवा कायदा लागत नाही, नवी रक्कम लागत नाही. ग्रामसभेने साकव हा आरोग्याचा खर्च ठरविला असेल तर तो आरोग्याच्या लेखाशीर्षाखाली लिहून घ्यावा, एवढा एक ओळीचा हुकूम मंत्रालयातून निघाला म्हणजे येत्या मृगापूर्वी कामाला सुरुवात होऊ शकेल.